पार्सल ऑफिसच्या भिंतीकडे तोंड करून

इंग्लंडातल्या डॉन्कास्टर स्टेशनात उत्तरेच्या टोकाला, फलाटावरचं छप्पर जिथं संपतं आणि वारा थेट कानात शिरतो, तिथं मी आणि ऑल्विन थॅक्रे चाळीस वर्षं दर शनिवारी उभे राहत आलो. हातात वही, खिशात पेन, खांद्याला दुर्बीण. गाडी आली की इंजिनाचा नंबर वाचायचा, वहीत लिहायचा आणि घरी जाऊन छापील पुस्तकातल्या त्या नंबराखाली पट्टी धरून लाल रेघ मारायची. एवढंच. लोक हसतात, माझी बायकोही हसते. हसेनात का बापडे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रेघही मारायची नाही आणि ते तपासायला जगात कुणीही येत नाही, असा दुसरा धंदा मला दाखवा.

ऑल्विन सिग्नलवाला. अडतीस वर्षं केबिनमध्ये दांडे ओढले त्यानं. त्याच्या पुस्तकात एका जातीची एकशे बावीस डिझेल इंजिनं होती आणि त्यातल्या एकशे एकवीसांखाली रेघ होती. राहिलं होतं फक्त एकशे एकोणीस नंबरचं. गंमत अशी की ते एकदा त्याच्या केबिनखालूनच गेलं होतं. नोव्हेंबरचं धुकं, हात समोर धरला तरी दिसू नये असं. एकशे एकोणीस येतंय हे त्याला फोनवरून कळलं होतं, सिग्नलही त्यानंच पाडला, खालून गेलेला धडधडाट त्यानंच ऐकला. पण नंबर वाचता आला नाही. मी म्हटलं, अरे, मार की रेघ, तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? तर म्हणाला, मला माहीत आहे ना. पुढं दोन महिने तो माझ्याशी नीट बोलला नव्हता, मी असं सुचवलंच कसं म्हणून.

असा हा माणूस. आणि मग आलं रेल्वेचं खासगीकरण.

माझं लोखंडी सामानाचं दुकान होतं, आता मुलगी बघते. त्यामुळं मी पहिल्यापासून खासगीकरणाच्या बाजूचा. मी ऑल्विनला सांगायचो की तुमच्या सरकारी रेल्वेनं जसली सँडविचं खपवली, तसले स्क्रू मी विकले असते तर महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं असतं. तो म्हणायचा, तुझा स्क्रू बसला नाही तर गिऱ्हाईक परत येतं, माझा सिग्नल चुकला तर कुणीच परत येत नाही. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्याचं. गाडी उशिरा आली की हे तिघं एकमेकांना पत्रं लिहीत बसणार, असं त्याचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, पण मी ते त्याच्यासमोर कधी कबूल केलं नाही. भांडायला कुणीतरी हवंच ना माणसाला.

पण ऑल्विन नुसता भांडून थांबणाऱ्यातला नव्हता. त्यानं नेम केला. जुन्या सरकारी रंगातलं इंजिन आलं तर ते आपलं, त्याचा नंबर घ्यायचा. नव्या कंपनीचा रंग चढवलेलं आलं की पाठ फिरवायची. मागं पार्सल ऑफिसची विटांची भिंत होती. गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत हा पठ्ठ्या त्या भिंतीकडे तोंड करून उभा. सुरुवातीला शनिवारी एखाद-दुसऱ्या वेळी असं व्हायचं. मग कंपन्यांनी रंगाचे डबे उघडले. अठ्ठ्याण्णव सालच्या वसंतापर्यंत ऑल्विनचा निम्मा शनिवार विटा मोजण्यात जायला लागला. चहाच्या गाड्यावरची डिलिस म्हणायची, "अरे राजा, त्या भिंतीला तरी एखादा नंबर दे." मी खो खो हसायचो. तो हसायचा नाही.

जून महिन्यात मी घरी बसून आमच्या छंदाचं मासिक चाळत होतो. त्याच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात फेरबदलांची यादी असते. कुठलं इंजिन मोडीत गेलं, कुठलं विकलं, कुणाचा नंबर बदलला. मागच्या दोन वर्षांत राहून गेलेल्या नोंदी त्या महिन्यात एकत्र छापल्या होत्या. त्यात एक ओळ होती: एकशे एकोणीस, खासगी मालवाहतूक कंपनीला विकलं, नवं यंत्र बसवलं, नवा नंबर आठ. आणि पुढं, महिनाअखेर कामासाठी फ्रान्सला रवाना.

मी माझी वही काढली. आठ नंबर, जांभळा रंग, खडीची मालगाडी, शनिवार, अकरा चाळीस. मागं गेलो. त्याच्या आदल्या शनिवारी आठ. त्याच्याही आदल्या. एकतीस वेळा लिहिलं होतं मी ते. आणि एकतीसही वेळा ऑल्विन माझ्या शेजारी, चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून उभा होता.

आता काय करायचं? सांगितलं तर त्याला वाटणार, हा क्लिफर्ड ब्रॅमल, म्हणजे मी, आपल्या नाकावर टिच्चून जिंकला. नाही सांगितलं तर येत्या शनिवारी ते इंजिन शेवटचं जाणार, समुद्रापार, आणि ऑल्विनचं वय एकाहत्तर. दोन दिवस मी मूग गिळून बसलो. शेवटी डिलिसला जाऊन सगळं सांगितलं. ती कप पुसत म्हणाली की हे तू मला सांगतोयस म्हणजे त्याला सांगायची हिंमत नाही तुझ्यात, बाकी काही नाही. खरं होतं ते. गुरुवारी मी ऑल्विनकडे गेलो.

त्यानं चहा केला, डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री कापून पुढं ठेवली. मी मासिक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"हे एकशे एकोणीस नव्हे," तो म्हणाला. "यंत्र काढलं, नंबर काढला, रंग काढला. उरलं काय? हे दुसरंच काहीतरी आहे."

आणि मी चिडलो. दोन दिवस झोप नव्हती मला, आणि हा वकिली करत होता. मी म्हणालो, "एडनानं लग्नात आडनाव बदललं. मग ती दुसरीच कुणी झाली का?"

एडना त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. शब्द तोंडातून निघाले आणि मला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ऑल्विननं माझ्यापुढची बशी उचलली, मोरीत ठेवली आणि दार उघडून उभा राहिला. मी टोपी घेतली आणि निघालो.

शनिवारी तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण साडेदहाला आला. वही, पेन, दुर्बीण. नमस्कार नाही, चमत्कार नाही, आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. आम्ही दोघांनी दोन गाड्यांचे नंबर घेतले. तिसरी नव्या रंगाची होती, तेव्हा त्यानं सवयीनं पाठ फिरवली. माझा धीर सुटला. अकरा पस्तीस झाले. दक्षिणेकडचा सिग्नल हिरवा झाला आणि लांबवर तो जांभळा ठिपका दिसला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. धड इकडं नाही, धड तिकडं नाही, असा खांदा अर्धा वळवून तो घुटमळत होता, आणि नजर माझ्यावर होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडत होतं ते खासगीकरणापायी नव्हे, कंपनीपायीही नव्हे. अडत होतं ते माझ्यापायी. दोन वर्षं पाळलेला नेम त्यानं मोडायचा आणि तो मी बघायचा, हे त्याला सोसवत नव्हतं.

मग मीच वळलो. पार्सल ऑफिसच्या भिंतीकडे तोंड केलं आणि उभा राहिलो.

चाळीस वर्षांत मी कुठल्याही गाडीला पाठ दाखवली नव्हती. मागून धडधडाट वाढत आला, पायाखालचा फलाट हलायला लागला, डिझेलचा गरम वारा मानेवर आला. वळून बघायची इतकी उबळ आली की मी खिशात मुठी आवळून धरल्या. मग डबे. एकेक करत बावीस डबे. मग शांत.

मी तसाच उभा. त्यानं इंजिन पाहिलं, का तोही पाठ फिरवून उभा राहिला, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. कदाचित आम्ही दोघं दोन शहाणे त्या भिंतीकडे बघत उभे असू.

"क्लिफ," मागून आवाज आला. "तुझ्या त्या कंपनीला रंगसुद्धा धड खरवडता येत नाही."

मी वळलो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्यानं तसदी घेतली नव्हती.

"ड्रायव्हरच्या दाराखाली," तो म्हणाला. "जांभळ्या रंगाखाली जुना आकडा तसाच आहे. तिरकं ऊन पडलं ना, की फुगून वर दिसतो. एक, एक, नऊ. मी वाचला." मग म्हणाला, "पळतंय मात्र झकास. एवढं म्हणीन मी. नीट ठेवलंय त्यांनी."

एकतीस शनिवार मी ते इंजिन डोळे उघडे ठेवून बघितलं होतं. आठ हा आकडा वाचायचो, लिहायचो आणि मोकळा व्हायचो. रंगाखाली काही असेल हे माझ्या मनातही आलं नाही. ह्या म्हाताऱ्यानं एकदाच बघितलं, काही सेकंद. त्याला ते दिसलं.

त्यानं खिशातून छापील पुस्तक आणि पट्टी काढली. घरी जाईपर्यंत दम नव्हता. टेबल म्हणून पुस्तक तुझ्या पाठीवर ठेवू का म्हणाला, मी वाकलो. पाठीवर पट्टीची कड आणि पेनाचं टोक मला नीट कळलं, डावीकडून उजवीकडं.

गुरुवारच्या बोलण्याबद्दल मी माफी मागितली. तो म्हणाला की एडना असती तर खूप हसली असती, आणि मग तुला दार दाखवलं म्हणून मला फार वाईट बोलली असती. डिलिसनं दोघांना चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. मीही माझी वही उघडली आणि सवयीनं लिहायला लागलो: अकरा चाळीस, आठ नंबर.

ऑल्विननं पेनावर हात ठेवला.

"तू बघितलंस?"

"अरे, माझ्या मागूनच तर गेलं ते."

"बघितलंस का?"

मी पेन खाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते इंजिन बोटीवर चढलं आणि फ्रान्सला गेलं. दाराखाली खरंच एकशे एकोणीस दिसत होतं का, हे बघायला मला पुन्हा मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. माझ्या वहीत त्या शनिवारी अकरा चाळीसची ओळ कोरी आहे. ऑल्विनच्या पुस्तकात एकशे बावीस रेघा आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या रेघेवर माझा जितका विश्वास आहे, तितका मी स्वतः बघितलेल्या एकाही नंबरावर नाही.