यजमानाला मारलेली पहिली हाक

मित्रांनो, मी एक जुना कर्नल आहे. नाव ऐकून फौजेतला मिशीवाला अधिकारी डोळ्यांसमोर आणू नका. कॉम्प्युटर सुरू झाला की पडद्यावर चित्रं आणि अक्षरं दिसतात. त्या सगळ्याच्या खाली, यंत्र आणि प्रोग्राम यांच्या मधोमध जो बसलेला असतो, तो मी. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोग्रामला मेमरीत जागा हवी असो, डिस्कवर काही लिहायचं असो की किती वाजले ते जाणून घ्यायचं असो, त्यानं मलाच विचारायचं.

मला लिहिणारे हात दूरदेशीचे होते आणि पुष्कळ होते. त्यांच्यातलं कुणीच मला आठवत नाही. मला आठवतं ते कर्जत. स्टेशनच्या पूर्वेला छायाताईंचं पादत्राणांचं केंद्र आहे. तिथं शोभेच्या चपला मिळत नाहीत. साखरेच्या आजारानं ज्यांचे तळवे बधिर झालेत, खडा रुतला तरी ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी छायाताई मापाचे बूट करतात. त्यांनी एक दाबपट्टी घेतली, तिच्याबरोबर कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरमध्ये मी.

माणूस अनवाणी पट्टीवरून चालायचा. पाऊल कुठं टेकलं, किती जोरानं, किती वेळ, हे पट्टी मला कळवायची आणि मी ते प्रोग्रामच्या हाती द्यायचो. पडद्यावर पाऊल उमटायचं. हलका भार निळा, जड भार लाल. जिथं लाल, तिथं छायाताई सोलमध्ये मऊ रबर भरायच्या. काय दिवस होते ते. प्रोसेसर माझा, मेमरी माझी, बटणाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळही माझंच. पंखा घरघरायचा आणि मला वाटायचं, हे घर आपलं आहे.

त्याच दिवसांत नागूदादा पहिल्यांदा आले. ते माथेरानला हातरिक्षा ओढायचे. वर मोटारी नाहीत, त्यामुळे ज्याला चालवत नाही आणि घोड्याची भीती वाटते, त्याला नागूदादांचाच आधार. पट्टीवर चालले तेव्हा त्यांच्या दोन्ही टाचा लालभडक उमटल्या.

“उतारावर गाडी अंगावर येते ना,” ते म्हणाले, “तवा टाच रोवूनच तिला धरावी लागते.”

पुढं दर पावसाळ्यात, वरचा धंदा मंदावला की ते बूट दाखवायला उतरायचे. मला त्यांची चाल पाठ झाली. डावं, उजवं, डावं, उजवं. इतका सरळ ठेका मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. छायाताई नव्या पेशंटना त्यांचंच चित्र दाखवायच्या. “चालावं तर असं,” म्हणायच्या. तेव्हा मलाही बरं वाटायचं.

वर्षं गेली. पट्टी बनवणारी कंपनी बंद पडली. नव्या सिस्टीमना ती पट्टी ओळखताच येईना, म्हणून मी टिकलो. पण कुणी कॉम्प्युटरचं झाकण उघडून धूळ काढली नाही. पंखा धुळीनं भरला, कुरकुरला, आणि एके सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही.

खोपोलीहून योगेंद्र आला. आसपासच्या दुकानांचे कॉम्प्युटर तोच बघतो.

“ताई, मशीन गेली,” तो म्हणाला. “पण डिस्क शाबूत आहे. जुनी सिस्टीम जशीच्या तशी नव्या मशीनच्या पोटात ठेवून देतो.”

मी जागा झालो तेव्हा सगळं जागच्या जागी वाटलं. मी नेहमीसारखे हुकूम सोडू लागलो. मला कुठं ठाऊक, की समोरचं यंत्र खरं नव्हतंच. माझ्या खाली दुसराच कुणी धनी होता. त्याला हायपरव्हायझर म्हणतात. तो यजमान, मी पाहुणा. मी यंत्राला हुकूम दिला की तो मला तिथंच अडवायचा, काम स्वतः करायचा आणि मला परत चालू करायचा. त्याच्याकडे आणखीही पाहुणे होते, माझ्यासारख्याच दुसऱ्या सिस्टीम. त्यांची पाळी आली की मी थांबायचो. झोपेत निदान स्वप्नं तरी पडतात. इथं काहीच नव्हतं. आपण थांबलो होतो, हेच मला कळायचं नाही.

अशात नागूदादा आले. या वेळी डाव्या अंगठ्याखाली जखम होती. ते पट्टीवर चालले आणि छायाताई पडद्याकडे बघतच राहिल्या. डावा पाय जमिनीला चिकटून राहिल्यासारखा दिसत होता.

“नागूदादा, डावा पाय ओढताय का?”

“नाय गं बाय. चालतोय तसाच.”

“पायातली ताकद गेली की असं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “मग गाडी ओढणं बरं नाही.”

नागूदादा बाकावर बसले. पायाकडे बघत म्हणाले, “मंग वर जाऊन मी करू काय? मला दुसरं येतंय काय?”

छायाताईंनी पट्टीकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, “परत एकदा चाला.”

ते चालले. आता उजवा पाय चिकटलेला दिसला. छायाताईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी चपला काढल्या आणि स्वतः चालून पाहिलं. त्यांचाही पाय तसाच. त्यांनी लगेच योगेंद्रला फोन लावला.

तो येईपर्यंत दोघांनी चहा घेतला. योगेंद्रनं सगळं तपासलं आणि सांगितलं, “ताई, या सिस्टीमला आपण पाहुणे आहोत हेच माहीत नाही. यजमान तिला मध्येच थांबवतो. तेवढ्यात आलेली पावलं साचून राहतात आणि मग एकदम हाती येतात. म्हणून पाय चिकटल्यासारखा दिसतो. दोघांचं बोलणं जुळवून देतो.”

त्यानं माझ्यात एक छोटा तुकडा बसवला. त्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा प्रोसेसरला विचारलं, मी पाहुणा आहे का? उत्तर आलं, होय. मित्रांनो, ज्या घराला आपलं म्हणत आलो ते आपलं नाही, हे कळल्यावर काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. पण बाहेर नागूदादा बाकावर बसून होते. मी यजमानाला हाक मारली. अशा हाकेसाठी वेगळी आज्ञा असते. ती उच्चारली की आपण स्वतःहून थांबतो आणि आपलं म्हणणं त्याच्यापुढं ठेवतो. मी म्हटलं, “मला खरी वेळ कळू दे. आणि पट्टी चालू असेल तेवढा वेळ मला थांबवू नकोस.”

त्यानं ऐकलं. आम्हा दोघांना वाचता येईल असं मेमरीचं एक पान त्यानं ठरवून दिलं. त्यावर तो खरी वेळ लिहीत राहिला आणि मी वाचत राहिलो. इतके दिवस तो तिथंच होता. मीच कधी विचारलं नव्हतं.

नागूदादा तिसऱ्यांदा चालले. डावं, उजवं, डावं, उजवं. ठेका तोच, जुना. फक्त जखम वाचवताना डाव्या पायाचा भार बाहेरच्या कडेवर जात होता.

“ताकद आहे तुमच्या पायात,” छायाताई म्हणाल्या. “अंगठ्याखाली खळगा ठेवून सोल देते. जखम भरेपर्यंत मात्र गाडी नाही.”

“तेवढं ऱ्हाईन की,” नागूदादा म्हणाले आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

जखम भरली. नागूदादा पुन्हा गाडी ओढतात. पूर्वीइतकी नाही, पण ओढतात.

मित्रांनो, जुनं यंत्र मोडीत काढण्याआधी एकदा विचारा, याच्या भरवशावर कोण चालतंय? त्याची धूळ काढा, त्याला जागा द्या. आणि एखाद्याचं पाऊल चुकतंय असं वाटलं, तर त्याला बोल लावण्याआधी त्याला पुन्हा एकदा चालू द्या.