थोरलीची शेवटची फेरी

जुनी तर मी आहेच, मित्रांनो, माझ्या पत्र्याकडे पाहिलं की कळतंच. चाकं काढून घेतलेली, खाली दगड लावलेले, पोटात मासे धरायची जाळी कोंबलेली, अशी मी एका तळ्याकाठी उभी आहे. येणारेजाणारे मला खोपट समजतात. पण मी गाडी आहे, आणि मी इथे स्वतःच्या मर्जीने आलेली नाही. मला फसवून आणलं, तेही घरच्यांनीच.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला पाव पोचवायच्या कामाला लावलं होतं. पुढे ती बेकरी बंद पडली आणि एका सुताराने मला घरी नेलं. त्याने माझ्या आत फळ्या बसवल्या, दुमडून ठेवायच्या खाटा केल्या आणि भांडी खडखडू नयेत म्हणून खाचा पाडलेलं कपाट केलं. त्याच्या बायकोने खिडक्यांना पिवळे पडदे शिवले. त्यांना तेव्हा मूलबाळ नव्हतं. माझ्या टपावर हात ठेवून सुतार म्हणाला, "ही आपली थोरली." मग मुलगा झाला, तो आपोआपच धाकटा ठरला. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्या दोघांना आई आणि बाबा म्हणत आले.

दर उन्हाळ्यात आम्ही उत्तरेच्या रानात जायचो. शेवटचं गाव मागे पडलं की डांबर संपायचं आणि खडीचा रस्ता लागायचा. दोन्ही बाजूंना सुयांसारख्या पानांची काळीशार झाडं, मधेच भूर्जाची पांढरी खोडं, आणि वळणावळणावर एखादं तळं. मैलोन् मैल माणूस दिसायचा नाही. तिकडे उन्हाळ्यात सूर्याला घरी जायची घाईच नसते. धाकटा माझ्या पायरीवर बसून पाय हलवत जेवायचा, आणि डास त्याला जेवायचे. तो माझ्यात रांगला, माझ्यात तापाने फणफणला, माझ्याच स्टीअरिंगमागे बसून गाडी चालवायला शिकला. पाहुण्यांना बाबा सांगायचे, "थोरलीने आजवर कधी वाटेत सोडलं नाही." ते ऐकून माझं इंजिन जरा जास्तच घुमायचं.

मग धाकट्याने स्वतःची मोटार घेतली. त्याचं लग्न झालं, मला वहिनी आली, भाची आली. मी बाबांच्या सुतारखान्यामागे ताडपत्रीखाली पडून राहू लागले. चिमण्यांनी माझ्या आरशामागे घरटं केलं, त्याचंही मला वाईट वाटलं नाही; कुणीतरी राहत होतं ना!

वाईट वाटलं ते एका पानगळीत. बाबा मला बाहेर काढून आईला घेऊन बाजारात निघाले होते. वळणावर खांब होता. तो खांब मला दिसला, आईला दिसला, बाबांना दिसला नाही. माझं नाक चेपलं. माणसं जमली तेव्हा बाबा म्हणाले, "ब्रेकने दगा दिला." मित्रांनो, माझे ब्रेक ठणठणीत होते. त्यांनी ते दाबलेच नव्हते! पण गाडीला तोंड कुठे असतं? घरी परतताना ते आईला म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं कुणाजवळ बोलू नकोस हं." आई म्हणाली, "नाही बोलणार."

आई बोलली. कधी बोलली ते मला ठाऊक नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात धाकटा आला, त्याने माझी ताडपत्री काढली आणि म्हणाला, "बाबा, यंदा सगळे मिळून उत्तरेला जाऊ. थोरलीनेच."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी मला धुतलं, पुसलं, कपाटाच्या फळ्यांना तेल दिलं. मीही खुळी, आनंदाने एका हाकेत सुरू झाले.

धाकटा चालवत होता. त्याच्या शेजारी बाबा, मागे आई, वहिनी आणि भाची. वाटेत भाची मधेच म्हणाली, "आजोबा, येताना आपण रेल्वेत बसणार तेव्हा खिडकी माझी..." वहिनीने झटकन तिच्या तोंडात बिस्किट दिलं. बाबा हसले. "येताना रेल्वे कशाला? थोरली आहे ना!" आई मागे उगाच पडदा सारखा करत राहिली. ते बाबांना जाणवलं नसावं. मला जाणवलं.

खडीचा रस्ता लागल्यावर बाबांनी हट्टच धरला. "थोडा वेळ दे रे माझ्याकडे. इथे आहे कोण मला आडवं यायला?" धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. शेवटी बाबा स्टीअरिंगमागे बसले आणि मला पुन्हा त्यांचे ते राठ, ओळखीचे तळवे लागले.

आडवं आलंच. फावड्यासारख्या शिंगांचं, घोड्याहून उंच जनावर रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहिलं. बाबा सरळ त्याच्यावरच चालले होते. त्यांना ते झाड वाटलं असेल, नाहीतर सावली.

"अहो, थांबा!" आई किंचाळली.

बाबांनी पाय दाबला. मी जिवाच्या आकांताने खडीत रुतले आणि त्या जनावराच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर यावी इतक्या जवळ थांबले. ते सावकाश रानात निघून गेलं.

बाबा कसंबसं हसून म्हणाले, "बघा, काय ब्रेक आहेत थोरलीचे!"

"मग त्या खांबाच्या वेळी का नाही लागले?" भाचीने विचारलं. पोर निरागस होती. बाबा खाली उतरले आणि धाकट्याला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी चहा चालला होता. तिथे मासेमारी करणारा एक नावाडी आला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारून पाहिली आणि धाकट्याला म्हणाला, "ठरल्याप्रमाणे किल्ली द्या. तुम्हाला स्टेशनवर माझी मोटार सोडेल."

बाबांच्या हातातला कप तसाच राहिला. "ठरल्याप्रमाणे?"

"बाबा, कधीतरी हे करायचंच होतं," धाकटा पुटपुटला. "तुम्हाला आता नीट दिसत नाही. आईनेच सांगितलं."

बाबा वळले ते आईकडे. धाकट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "तुलाही ठाऊक होतं? ही सहल कशासाठी आहे ते?"

आई म्हणाली, "सांगितलं असतं तर आला असता का तुम्ही?"

"नसतो आलो. पण नाही म्हणायला तरी मिळालं असतं मला."

"पोर मागे बसलेली असते हो," आई म्हणाली. "मी आणखी किती दिवस गप्प बसू?" ती रडायला लागली, तरी बाबा तिच्याजवळ गेले नाहीत. त्यांनी धाकट्याकडून किल्ली मागून घेतली, स्वतः नावाड्याच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचे ब्रेक चांगले आहेत. तो खांब मला दिसला नव्हता. हिचा काही दोष नाही."

माझ्यावरचा डाग पुसला गेला, पण तो मला दुसऱ्याच्या हवाली करताना. नावाड्याच्या मोटारीत बाबा पुढे बसले, घरचे सगळे मागे. आई काचेतून माझ्याकडे पाहत होती. बाबा समोर पाहत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघंच बसने आली. बाबांनी बसवलेलं माझं लाकडी दार थंडीत फुगून अडकलं होतं. बाबांनी हाताने चाचपून चाचपून त्याला रंधा मारला. आईने हळूच विचारलं, "राग गेला का?"

"अजून नाही," बाबा म्हणाले. "पण दार लागत नव्हतं, ते बघायला हवं होतं." आई लाकडाचे छिलके गोळा करत राहिली.

मित्रांनो, गाड्या जुन्या होतात, माणसांचे डोळेही जातात. कुणाला तरी एक दिवस थांबवावं लागतं, हे मलाही समजतं. माझं मागणं एवढंच, की ज्याला थांबवायचं त्याला तोंडावर सांगा. तो रागावेल, भांडेल, दार आपटेल. आपटू द्या. पण सहलीच्या नावाखाली नेऊ नका. ही शेवटची फेरी आहे असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी काही रुसून बसले नसते. फक्त रानातल्या प्रत्येक चढावर मुद्दाम खोकले असते, धापा टाकल्या असत्या आणि आम्हा सगळ्यांना पोचायला जरा उशीर केला असता.