गिलाव्याची वाळू

भुजंग ऑफिसात आला तो दार ढकलून नव्हे, तोडून. सोबत टिकावाचे दांडे घेतलेले दोघे. एकानं नकाशांचं टेबल उलटं केलं. दुसऱ्यानं वसंताला खुर्चीसकट आडवा करून बरगडीत लाथ घातली. भुजंग मात्र पंख्याखाली उभा राहून निवांत घाम पुसत होता. शहागडच्या वाळूचा सगळा धंदा त्याचा; घाई करायची त्याला गरजच नव्हती.

"बाई, उद्या शहागडला तुम्ही बोलायचं न्हाई," तो सत्यशीलाला म्हणाला. "बाईमाणूस म्हणून आज हात लावला न्हाई."

दोन हजार चार साल होतं. जालन्यात सत्यशीला आणि वसंता मिळून इमारतींची कन्सल्टन्सी चालवत. वर्षभरापूर्वी सत्यशीलाच्या डोक्यात खूळ शिरलं, म्हणजे लोक खूळच म्हणायचे, की आपण सही केलेल्या एकाही इमारतीत नदीची वाळू जाणार नाही. दगड फोडताना निघणारी कच धुऊन वापरायची. प्रत्येक नकाशावर ती तसं लिहू लागली. निम्मी गिऱ्हाइकं पळाली, बाई हटली नाही. वर कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा, एकट्यासाठी जीप काढायची नाही, असलेही नियम तिनं वसंताच्या डोक्यावर बसवले. तो कुरकुरत पाळायचा.

तिला शहागडला बोलावलं होतं तिथल्या चतुराबाईनं. उपसून उपसून गोदावरीत खड्डे पडले होते, काठच्या विहिरी आटल्या होत्या, आणि तसल्याच एका खड्ड्यात चतुराबाईची सून बुडून मेली होती. ट्रक नदीत उतरतात तो रस्ता अडवायचा की नाही, हे गाव ठरवणार होतं. लोकांची अडचण एकच. वाळू बंद झाली तर घरं बांधायची कशानं? ते सत्यशीलानं सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेलीच. वसंता बरगडी धरून सोबत. नदीकाठी गाव जमलं होतं. तिनं कचेचा ठोकळा पुढं ठेवला आणि तोंड उघडणार तोच भुजंग म्हणाला, "ते राहू द्या बाई. तुमच्या ऑफिसाच्या नव्या खोल्यांना गिलावा कशाचा? माझ्याच ट्रकनं वाळू टाकली तिथं. विचारा तुमच्या भागीदाराला."

सत्यशीलानं वळून पाहिलं. वसंताची मान खाली.

"गवंडी कचेला हातच लावंना, ताई. बोटं सोलतात म्हणे, भिंत गुळगुळीत होत न्हाई. तुम्ही पुण्याला गेल्त्या. मला वाटलं, नियम नकाशावर लिहायचा असतो. आपल्या खोल्यांचा तर आपण नकाशाच काढला न्हाई."

खरंच काढला नव्हता. जिल्हाभर लोकांच्या भिंती तपासणाऱ्या बाईनं स्वतःच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चतुराबाई उठली आणि तिनं सत्यशीलाच्या थोबाडीत मारली. "माझी सून गेली तिथली वाळू लिंपली का गं घराला?"

मग दगड आले. एक वसंताच्या कपाळावर बसला. भुजंगची माणसं हसत बाजूला उभी होती, त्यांना काही करावंच लागलं नाही. त्या दुपारी ट्रक पुन्हा नदीत उतरले.

ऑफिसात परतल्यावर सत्यशीलानं पहार उचलली आणि नव्या खोल्यांचा गिलावा पाडायला घेतला. तळहात फुटले, पहार रक्तानं निसरडी झाली. वसंता डोक्याला पट्टी बांधून आला आणि त्यानंही पहार घेतली. तिनं त्याला हाकललं नाही. भिंती विटांपर्यंत सोलून झाल्यावर तिनं सगळा राडारोडा टिपरमध्ये भरला, तो शहागडला नेला आणि नदीच्या रस्त्याच्या तोंडावर ओतला.

"ही तुमची वाळू," ती जमलेल्या लोकांना म्हणाली. "परत आणलीय."

भुजंगचा ट्रक ढिगाशी अडला. या वेळी त्यानं बाईमाणूस पाहिलं नाही. पहिला दांडा तिच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. दुसरा तोंडावर. दोन दात धुळीत पडले. टिपरमधून सोबत आलेला वसंता मध्ये पडला तर त्याला चौघांनी तुडवलं. सत्यशीला सरपटत ढिगावर चढली आणि तिथंच बसली.

"घाल गाडी," भुजंग ड्रायव्हरला म्हणाला.

ट्रक गुरगुरला, पुढं सरकला. तेवढ्यात त्याची काच फुटली. दगड चतुराबाईनं मारला होता. मग बाया धावल्या, मागून गडी. ड्रायव्हर उडी टाकून पळाला. भुजंगला लोकांनी त्याच्याच दांड्यानं पाण्यापर्यंत मारत नेलं, आणि त्याला सोडवायला कुणी गेलं नाही.

चतुराबाई ढिगावर चढली. गिलाव्याचा एक तुकडा उचलून तिनं उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला. पदरानं सत्यशीलाच्या तोंडाचं रक्त पुसलं.

"बोल आता," ती म्हणाली. "कशानं बांधायची घरं, सांग. आम्ही ऐकून राह्यलो."