बोरीकडून सुरुवात

परभणी ते बोरी रस्त्याचा अर्धाच निधी मंजूर झाला, तरी झरीत पेढे वाटले गेले. का नाही वाटणार? अर्धा म्हणजे परभणीपासून झरीपर्यंत. आपल्या दारापर्यंत डांबर आलं की पुढच्यांचं देव बघून घेईल, ही माणसाची जुनीच खोड.

झरीच्या कडूबाईला मात्र पेढा घशाखाली उतरेना. रस्ता समितीची अध्यक्ष ती. निवेदनं दिली, मुंबईला खेटे घातले, भर उन्हात रास्ता रोको केला, तेव्हा बोरीची माणसं तिच्या पाठीशी उभी होती. सगळ्यांच्या भाकरी त्यांनीच बांधून आणल्या होत्या. उरलेला निधी कधी, असं विचारल्यावर बांधकामाचे साहेब म्हणाले, "बघू." सरकारचं 'बघू' म्हणजे काय, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतं.

मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा भरली. साहेबही आले. कडूबाई उठली.

"साहेब, काम बोरीकडून सुरू करा आन् झरीपर्यंत आणा. आमचा तुकडा मागून होऊ द्या."

एकच गलका झाला. सरपंच दिनकरराव ताडकन उठले. "काकू, डोकं ठिकाणावर हाय का? आपल्या ताटातला घास दुसऱ्याला द्यायलात?"

"पंगतीत आधी घरच्यांना वाढतेत का, दिनकरराव? आधी पाहुणे. भाजी संपली तर घरच्यांची संपू द्या, घरचा माणूस गप बसत न्हाई. आन् परभणी-झरी तुकड्यावरून समदे पुढारी जातेत. त्यो कुणी इसरायचा न्हाई. बोरीचा इसरतील."

साहेबांनी चष्मा पुसला. "सुरुवात कुठून करायची ते बदलता येईल. पण झरीचा ठराव लागेल."

मग दिनकररावांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "आमचं राहू द्या. तुमच्या मालकाचं तरी बघा."

कडूबाईचा नवरा माणिकराव देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी परभणीला न्यावं लागे. येताना रिक्षात खड्डा आला की ते दात आवळत आणि कडूबाई त्यांच्या पाठीमागं हात घालून बसे. बोरीचा विचार मनात आला तरी तिनं त्यांना विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच झाली नव्हती. आता सगळ्या गावासमोर तिला त्यांच्याकडं बघवेना.

माणिकराव खांब धरून उठले आणि त्यांनी हात वर केला.

"ठरावाला माझा हात. मोजा."

मागून एक हात वर गेला, त्याच्या शेजारून दुसरा. बघता बघता निम्म्याहून जास्त सभा हात वर करून बसली. दिनकररावांनी तोंड कडू करून का होईना, शेवटी हात उचलला.

घरी जाताना कडूबाई म्हणाली, "तुमाला आधी इचारायला पाहिजे व्हतं."

"इचारलं असतंस तर न्हाईच म्हणलो असतो. लय दुखतं गं."

"मग हात कशाला वर केला?"

"तू एकटी उभी व्हतीस."

कडूबाईला रडू आवरेना. तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या हाताला धरून चालत राहिली.

दोन महिन्यांनी परभणीच्या एका खेपेला दवाखान्यात नवऱ्याला खाटेवर निजवून ती तडक बांधकामाच्या कचेरीत गेली. साहेबांसमोरची खुर्ची ओढून बसली.

"बोरीचं काम सुरू झालं," ती म्हणाली. "आता झरीचं बोला."