पिवळ्या पानावरचं लाल नाव

"सरका, सरका! पोथी उघडतायत!"

विहाराच्या मंडपात मुंगीला शिरायला वाव नव्हता. बाया पोरांना कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या. कुणी बसत नव्हतं, कुणी गप्प राहत नव्हतं. तीन आठवड्यांत गावातली दोन तरणी माणसं आणि पाच म्हशी गेल्या होत्या. आधी ताप, मग डोळे पिवळे, आणि चार-सहा दिवसांत खेळ खलास. हे पॉबचं काम, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी. पॉब म्हणजे माणसात शिरून शेजाऱ्यांची काळजं खाणारं भूत. ते ज्याच्यात सापडेल त्याला गावाबाहेर हाकलायचं, त्याचं घर जाळायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. प्रश्न एवढाच होता, ते शिरलंय कुणात?

हे सांगायला आचान सिंगखोन आला होता. आचान म्हणजे गुरू. गळ्यात ताइतांचं ओझं, मानेपर्यंत गोंदलेली यंत्रं, आणि आवाज असा की छपरावरची कबुतरं उडावीत.

"ही पोथी माझी नाही! तुमच्याच विहाराची!" तो गरजला. "माणसाला जीभ आहे, म्हणून माणूस खोटं बोलतो. पोथीला जीभच नाही. ती खोटं बोलेल कशी?"

"खरंय, खरंय," गर्दी पुटपुटली.

पोथी विहाराचीच होती. मला माहीत, कारण पोथ्यांची कपाटं माझ्याकडे आहेत. मी खाम्पुन. दहा वर्षं भिक्खूचं चीवर घातलं, मग उतरवलं, पण पोथ्यांचा नाद सुटला नाही. आमच्या घडीच्या पोथ्या मजेशीर असतात. एका बाजूला भिक्खूंचं चिंतन, राग कसा उठतो, भीती मनाला कशी फिरवते. उलटं केलं की दुसऱ्या बाजूला मंत्र, यंत्रं, झाडपाला. दोन्हीकडे अक्षर एकाच भिक्खूचं. सिंगखोननं नेमकी दुसरी बाजू उघडली आणि डोळे मिटून जुन्या भाषेत घोष सुरू केला. लोकांनी हात जोडले. तो म्हणत होता ते मला कळत होतं, "चिंचेचा पाला कुटावा, मिठात कालवावा, म्हशीच्या खुरात भरावा."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आदल्या दिवशी जेवताना यानंच मला सहज विचारलं होतं, "गावात एकटं असं कोण राहतं हो?" आणि मीही चिकटभाताचा गोळा मासळीच्या चटणीत बुडवत सहज बोलून गेलो होतो, "लमून मावशी. नवरा नाही, मूल नाही, तोंडानं फटकळ."

सिंगखोननं शेवटचं पान उलगडलं. पिवळंधमक, कोरं. पान पोथीच्या वयाचं नव्हतं, चिकटवलेला सांधा ताजा होता. त्यानं तांब्यातलं मंतरलेलं पाणी शिंपडलं. कोऱ्या पानावर रक्तासारखी लाल अक्षरं उमटली.

लमून.

मंडपात एकच किंकाळी उठली. चौघं धावले आणि तिला रंगाच्या हंड्यावरून तशीच ओढत घेऊन आले. साठीची बाई, सूत रंगवून पोट भरणारी. हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे.

"अरे मेल्यांनो, माझं सूत जळेल चुलीवर!" ती ओरडत होती.

सिंगखोननं तिच्यावर पाणी मारलं. तिच्या पिवळ्या हातांवर लाल ओघळ आले.

"रक्त! काळीज खाल्लेलं रक्त!"

"घर पेटवा हिचं!" गावप्रमुख थाविन ओरडला. तापानं गेलेल्या त्या दोन तरण्यांतला एक त्याचा पुतण्या होता. हातात रॉकेलचा डबा होताच.

तेव्हा आमचे वृद्ध भंते काठी टेकत मध्ये आले. "थाविन, गृहस्थांना चमत्कार दाखवायची आम्हा भिक्खूंना मनाई का आहे, ठाऊक आहे? चमत्कार बघितला की माणूस विचार करायचा थांबतो. घर काही पळून जात नाही. तिला बोलू दे आधी."

लमून मावशी मात्र आपल्या हातांकडे बघत होती. तिनं बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली.

"बुळबुळीत लागतंय," ती म्हणाली. "ही चुन्याची निवळी आहे रे! चाळीस वर्षं हळदीत हात घालतेय मी. चुना लागला की ती लाल होतेच. विड्याच्या पानाला लावायचा तुमचा चुना गुलाबी कशानं होतो? त्यात हळद कालवता म्हणूनच ना? मग तुमच्या सगळ्यांच्या डबीत पॉब बसलाय का?"

सुपारी चघळणाऱ्या म्हाताऱ्यांची तोंडं थांबली.

"देवाच्या पाण्याला चुना म्हणते, जीभ झडेल!" सिंगखोननं तांब्या उचलला. भंतेंनी त्यावर हात ठेवला.

मी मावशीच्या घरी धावलो आणि रंगाच्या हंड्यातली हळद वाटीत घेऊन आलो. त्याच पिवळ्या पानाच्या कोपऱ्यावर काडीनं काही अक्षरं लिहिली आणि पान उन्हात धरलं. वाळल्यावर पिवळ्यावर पिवळं, काही दिसेना. ते थाविनपुढे धरून म्हटलं, "शिंपड. त्याच्याच तांब्यातलं."

त्यानं शिंपडलं. लाल अक्षरं उमटली. खाम्पुन.

"हे तर तुझं नाव!"

"हो. आता मी पॉब. जाळ माझं घर." "मावशीचं नाव पोथीनं नाही सांगितलं. मी सांगितलं, काल जेवताना. त्यानं ते हळदीनं लिहिलं, दुसऱ्याच पिवळ्या रंगात बुडवलेल्या पानावर. तुम्हीही त्याला तेच सांगितलं असेल, कुणी विहिरीवर, कुणी बाजारात."

डबा थाविनच्या हातातून कधी खाली आला ते त्यालाही कळलं नसावं. सिंगखोन ताईत सावरत मागच्या पायऱ्यांकडे सरकत होता. बायांनीच त्याला अडवला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याकडून तांबे घासून घेतले.

"मग माझा पुतण्या कशानं गेला?" थाविननं विचारलं. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, आणि ते जास्त अवघड होतं.

त्याचं उत्तर पोथीत नव्हतं. ते जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यानं दिलं. तोवर आणखी तिघं तापली होती. पण त्यांना ताइतांऐवजी दवाखान्यात नेलं होतं, आणि तिघंही वाचली. उंदरांच्या मुतातले जंतू भातखाचरांच्या चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून माणसांच्या, म्हशींच्याही अंगात शिरतात. वेळेवर औषध घेतलं की माणूस उठून बसतो.

लमून मावशी चार महिने माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. थाविननं तिच्या दारात चुलीसाठी लाकडं रचून दिली, ती तिनं घेतली, पण त्याला आत बोलावलं नाही.

तेव्हा लोकहो, चिखलात उतरताना पायात बूट घाला. ताप आला की दवाखाना गाठा. आणि कुणी पोथी, पाणी किंवा राख दाखवून तुमच्या शेजारणीचं नाव घेतलं, तर हात जोडायच्या आधी विचारा, "हे नाव तुला सांगितलं कुणी?"