मला दोघांत वाटलं तेव्हा

मी बोलतेय ती दाढी-कटिंगच्या दुकानातली खुर्ची. दचकू नका, दचकण्याचं काम माझं. कुणी नुसता पाना हातात घेतला तरी माझे नट आवळून येतात.

ओतशाळेत जन्मले. खाली बिडाचा जाड पाय, त्यात तेलाचा पंप, वर लाल रेक्झिनची गादी. दांडा दाबला की गिऱ्हाइकाला घेऊन मी अलगद वर जाई. मालकांना याचं फार कौतुक. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा धाकट्या लेकीनं वस्तरा उचलला. आधी गिऱ्हाइकं बिचकली. मग तीच म्हणू लागली, "थांबतो आम्ही, पण दाढी ताईच्याच हातची." तिचं घर त्यावरच चालायचं.

मालक गेले. भेटायला आलेली माणसं पांगली न पांगली तोच दोघे मुलगे दुकानात हजर. थोरला माझ्यावर ऐसपैस बसला. बापाची ऊब अजून गादीत होती हो!

"खुर्ची मला."

"वा रे वा! मग मला काय, कंगवा?" मधला म्हणाला.

"बरं, अर्धी अर्धी."

मला वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनी खरंच पाना आणला. गादी थोरल्याला, पंप मधल्याला.

"आणि मी काम कशावर करू?" धाकटीनं विचारलं.

"तुझं लग्न झालंय ना चिमे? बाबांचा फोटो ने. आठवण राहील."

शिसारी आली मला. तोंड फिरवावं, तर तोंड एकीकडे नि पाय दुसरीकडे.

थोरला बाल्कनीत माझ्या गादीवर बसून पायाची नखं काढायचा. मधल्यानं पंपावर गोल फळी ठोकली. पाहुणे आले की दांडा दाबायचा, "बघा, चहा कसा वर येतो!" पाहुणे टाळ्या वाजवायचे. त्यांच्याच बोलण्यातून कळलं, की चिमी लोकांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवते. मान टेकायला जागा नाही, म्हणून गिऱ्हाइकं फुटली.

एक दिवस मधला फणफणत घरी आला. दुकान दोघांच्या नावावर करायला गेले होते, तर कचेरीतल्या कारकुनानं बहिणीची सही मागितली.

"मी म्हटलं, तिचं लग्न झालंय. तर मलाच विचारतो, म्हणून ती वडिलांची कुणी नाही का?" आणि माझ्या फळीवर मूठ आपटली.

झालेली वाटणी दुरुस्त करायला तिघं पुन्हा बसली. धाकटी एवढंच म्हणाली, "राहतं घर तुम्हा दोघांना. दुकान आणि खुर्ची मला. आधी ती जोडून आणा, मग सही."

जोडलं मला. जराशी डावीकडे कलते, पण वर जाते.

आज दुकान उघडलं, तर थोरला रांग ओलांडून आत आला. "घरचंच तर दुकान!" बसला आणि मान मागे टाकली. धाकटीनं फेस लावला, वस्तरा उघडून गळ्याशी आणला. थोरल्याच्या पाठीचा घाम गादीत उतरतोय. ई!

"चिमे... झालं गेलं विसरलीस ना?"

"हलू नकोस, दादा."

तिचा हात स्थिर आहे. माझाच पंप धडधडतोय.

वाचकहो, आपलं माणूस गेल्यावर काही वाटायला बसाल, तेव्हा पाना शोधण्याआधी कुणाचं पोट कशावर चालतं तेवढं बघा.

आणि ताई, तू लवकर आटप गं. हा उठला की गादी दोनदा पूस.