ओळीएवढी जागा

शांतवन भजनाला उभा राहिला की पेटी वाजवत तो एक ओळ म्हणायचा आणि मग तीच ओळ त्याच्या डाव्या हाताला उभा असलेला धाकटा भाऊ तीमथ्य मागून म्हणायचा. या मागून म्हणण्याला झील धरणं म्हणतात. थोरला पुढं, धाकटा मागं आणि मायाप्पाची ढोलकी, असं तीमथ्यला मिसरूड फुटायच्या आधीपासून चाललं होतं. शांतवनच्या ख्रिस्ती भजनांच्या तबकड्या निघाल्या होत्या, रेडिओवर त्याचा आवाज लागायचा, आणि सोलापुरात गिरणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलांत, आयुष्यात कधी चर्चची पायरी न चढलेली माणसंही चहाच्या बशीत फुंकर मारता मारता त्याच्या चाली गुणगुणायची. तबकडीच्या पाकिटावर तीमथ्यचं नाव नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. तिसरीत शाळा सुटलेली. आठवडाभर यंत्रमागावर उभं राहायचं आणि रविवारी अण्णानं, म्हणजे शांतवननं, ओळ टाकली की ती झेलायची, एवढंच त्याला येत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

दुष्काळ सरून एक पावसाळा नीट गेला, विहिरींना पाणी आलं, आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडाला अण्णा गेला.

अक्कलकोटकडच्या एका वाडीवर भजनाला तो एकटाच गेला होता. परतीच्या वाटेवरच्या विहिरीत सापडला. काठावर त्याच्या चपला एकीला एक लावून ठेवलेल्या, शेजारी पेटी, पेटीवर अंथरलेला टॉवेल. पाणी प्यायला उतरणारा माणूससुद्धा चपला काढतोच की, असं तीमथ्य भेटेल त्याला सांगत सुटला. एकदोघांच्या तर त्यानं गचांड्या धरल्या. पण चर्चच्या मंडळीतल्या लोकांना नाताळ आठवत होता. नाताळच्या भजनात शांतवन मध्येच थांबला होता, पेटीचा भाता त्यानं सोडून दिला होता आणि कुणाकडंही न बघता, "पलीकडं कुणी ऐकतंय असं वाटत न्हाय मला," एवढं बोलून खाली बसला होता. त्यानंतर चर्चमध्ये तो यायचा, पण तोंड उघडायचा नाही. वाडीवरही म्हणे त्यानं नुसती पेटीच वाजवली.

चर्चचे पाळक अब्राहम हे मवाळ माणूस. त्यांनी मंडळीच्या बैठकीत शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की ज्याचा शेवट विश्वासात झाला का नाही हे आपल्याला ठाऊक नाही, त्याची भजनं निदान या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, नकोत. पुढचं पुढं बघू. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच तीमथ्यला सोसलं नाही. तो उठला आणि मनात यायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, की अण्णानं शेवटचं एक भजन केलंय, विश्वासाचं आहे, बुडणाऱ्या पेत्राचं आहे, आणि ते फक्त मलाच शिकवलंय.

असलं भजन कुठंच नव्हतं.

पाळकांचा चेहरा मात्र एकदम उजळला. त्यांनाही शांतवन हवाच होता. "मग तीमथ्य, उत्तम शुक्रवारी ते तूच म्हण," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. ते ऐकल्यावर कुणाला काही विचारायचं उरणार नाही."

तीमथ्य घरी आला. आता माघार नव्हती, भजन करावंच लागणार होतं. पेत्राची गोष्ट त्याला पाठ होती: तो पाण्यावरून प्रभूकडं चालत निघतो, लाटा बघून भितो, बुडायला लागतो, हाक मारतो, आणि प्रभू हात पुढं करून त्याला धरतो. तीन कडवी पुरेत. पहिल्यात लाटा, दुसऱ्यात हाक, तिसऱ्यात हात. मागांच्या खडखडाटात शब्द जुळवायचे, चाल अण्णाच्या वळणाची ठेवायची. पहिली दोन कडवी त्याला वाटली होती त्यापेक्षा पुष्कळच सहज आली.

ती त्यानं आधी नीलम्मावहिनीला ऐकवली. वहिनी ज्वारी निवडत बसली होती. अण्णा गेल्यापासून ती फारशी बोलत नसे, कुणी गहिवरून बोलायला आलं की उठून आत जायची. तीमथ्यनं उंबऱ्यावर बसून डोळे मिटून दोन्ही कडवी म्हटली. डोळे उघडले तेव्हा वहिनीचा हात सुपातच थांबला होता.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग खडा बाजूला टाकावा तितक्या सहजपणे म्हणाली, "दुसऱ्या ओळीला ते वरनं आले, भावजी. तुमी खालच्या सुरातच ऱ्हायला. तेवढं सुधारा."

"कोण वरनं आलं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

दुःखानं माणसाला काहीबाही होतं, तिला एकटीला ठेवायला नको, असं स्वतःला समजावत तो मायाप्पाकडं गेला. मायाप्पा धनगर, येशूशी त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. हात चालतोय तिथं देव, असं तो हसत सांगायचा. ढोलकीची दोरी ओढता ओढता त्यानं तीमथ्यची टर उडवली. "तुला शिकवलं? लेका, शाळेतबी दुसऱ्याच्या पाटीवरचं उतरवायचास तू. म्हन बघू."

तीमथ्य म्हणायला लागला. ढोलकी लागली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येक ओळीच्या आधी तो गप्प राहतोय. थोडाथोडका नाही, बरोबर एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ. जन्मभराची सवय, पुढच्याची ओळ पुरी झाल्याशिवाय झीलकऱ्याचा गळा उघडत नाही. ते ठीकच होतं. पण त्या रिकाम्या जागेत मायाप्पानं नुसता ठेका धरायला हवा होता, आणि तो तर भरभरून वाजवत होता. मधेच थाप दाबत होता, मधेच मान डोलावून बोट उडवत होता, ओळ संपता संपता समेवर येऊन हसत होता. तीमथ्यची ओळ आली की हात मंद व्हायचा.

दुसरं कडवं संपल्यावर तीमथ्यनं चिडून विचारलं, की मी गप्प असताना तू कुणाला साथ करत होतास.

"कुणाला म्हंजे? शांतवननं जागा घेतली, मी साथ दिली," मायाप्पा बोलून गेला. "तू आपला नेहमीसारखा मागनं आलास."

बोलून झाल्यावर त्यानं तीमथ्यच्या उजव्या बाजूला बघितलं. तिथं चटईचा कोपरा होता आणि भिंत होती. मग बराच वेळ तो ढोलकीची दोरी ताणत बसला, पण पुन्हा वाजवली नाही.

त्यानंतर तीमथ्यनं ती जागा बुजवायचा प्रयत्न केला. ओळीला ओळ जोडून म्हणायला जावं तर घसा आवळून यायचा. थांबलं की आपोआप सुटायचा. त्यानं कान टवकारून त्या जागेत ऐकून बघितलं. स्वतःचा श्वास सोडून काही ऐकू आलं नाही. मग मागावर उभा असताना त्याला वाटलं, ही दोन कडवी आपण केली तरी कधी? पहिला शब्द कोणता सुचला, कुठला शब्द बदलला, काहीच आठवेना. ओळ तोंडात आली होती, एवढंच. जशी ती नेहमी यायची, कुणीतरी आधी म्हटल्यावर.

म्हणून तिसरं कडवं त्यानं जागेपणी, एकेक शब्द चाचपून केलं. 'धरिला रे धरिला हात, प्रभूने धरिला हात.' ही ओळ त्याची होती. ती त्यानं इतकी घोकली की मागही त्याच तालात चालतोय असं वाटायला लागलं. काहीही झालं तरी तो हेच म्हणणार होता, आणि अण्णा बुडताना धरला गेला होता हे सगळ्यांना कळणार होतं.

उत्तम शुक्रवारी दुपारी चर्च गच्च भरलं होतं. बाहेर ऊन पेटलेलं, आत पुठ्ठ्यांच्या आणि पदरांच्या वाऱ्याचा सपसप आवाज. शांतवनचं शेवटचं भजन म्हणून बाहेरगावची माणसंही आली होती. नीलम्मावहिनी बायकांत पुढं बसली होती. मायाप्पा आला, पण तीमथ्यच्या नजरेला नजर न देता ढोलकी मांडीवर घेऊन बसला. पेटीवर कुणी नव्हतं. तीमथ्य पेटीच्या डाव्या अंगाला उभा राहिला. दुसरीकडं उभं राहणं त्याला जमलंच नसतं.

तो थांबला. मग त्यानं पहिली ओळ म्हटली.

पहिल्या कडव्यात एकदोन बायकांनी मान वळवली. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं चर्च तीमथ्यच्या उजवीकडं बघत होतं. वारा घालणारे हात थांबले होते. तो गप्प असला की माणसं पुढं झुकायची, त्यांचे ओठ हलायचे, कुणी डोळे पुसायचं. आणि तो म्हणायला लागला की ती जरा सैलावायची, ऐकलेलंच पुन्हा ऐकताना माणसं सैलावतात तशी. पेत्र बुडायला लागला. पेत्रानं हाक मारली. मायाप्पाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ढोलकी आयुष्यात वाजली नव्हती तशी वाजत होती.

तिसरं कडवं आलं. तीमथ्य थांबला. त्याची ओळ त्याच्या जिभेवर तयार होती. ओळीएवढी जागा सरत आली, आणि थाप अर्ध्यावरच सोडून ढोलकी बंद पडली.

मायाप्पाचे दोन्ही हात चामड्यावर तसेच राहिले होते. पाळक अब्राहम उभे होते ते हळूहळू वेदीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी तोंडावर हात धरला. नीलम्मावहिनीनं पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. तिचे खांदे हलत होते, ती रडत होती का तिला हायसं वाटत होतं ते पदराआडून कळेना. मागं कुठंतरी एक माणूस उभा राहिला आणि बाहेर न जाता तसाच उभा राहिला.

तीमथ्यनं काहीच ऐकलं नव्हतं.

त्यानं मायाप्पाकडं वाकून अगदी हळू विचारलं, "अण्णा काय म्हणाला?"

मायाप्पानं वर बघितलं. "तुलाच न्हाय का ऐकू आलं?" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती का दया, हेही तीमथ्यला ओळखता आलं नाही.

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा उजवीकडून सुटल्या आणि त्याच्यावर येऊन थांबल्या. पुढच्याची ओळ म्हणून झाली होती. आता तीच ओळ त्यानं म्हणायची होती.